शेळी चरलीच नाही

आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष कोर्टातून पेशकार म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर न्यायाधीशांच्या खाली बसल्याचं उट्टं ते मारुतीच्या पारावर काढायचे. नियमही त्यांचाच: गुन्हा घडला की नाही ते पंचांनी एकमतानं सांगायचं, शिक्षा अध्यक्षांनी द्यायची. शाळेतली बाई म्हणून मलाही पंचांत ओढलेलं.

त्या वर्षी गावानं गायरान पोळ्यापर्यंत राखून ठेवलं होतं. ज्याचं जनावर आत शिरेल, त्याला ते गावाबाहेर धाडावं लागेल असं ठरलं. आणि सापडली कोण? एकट्या राहणाऱ्या मावशींची शेळी! मोठमोठ्या दावणीवाले मोकळे, आणि जिला घरात बोलायला शेळीशिवाय कुणी नाही तिच्यावर वरवंटा. माझं डोकंच फिरलं.

सुनावणीआधी आम्ही पंचांनी बेलभंडार उचलला. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन खरं बोलायची शपथ, आमच्याकडे याहून मोठी शपथ नाही.

"शेळी गायरानात चरली का?" अध्यक्षांनी विचारलं.

निम्म्या गावानं तिला चरताना पाहिलं होतं. सगळ्यात वयस्कर पंच, त्यांना गाव मामा म्हणतं, मिशी कुरवाळत म्हणाले, "न्हाई."

पुढचेही न्हाई. त्यांच्या पुढचेही न्हाई. माझी पाळी येईतो हातातली हळद घामानं ओली झाली होती.

"नाही," मी म्हणाले.

अध्यक्ष ताडकन उठले. "अहो, मी सोता पाह्यलं तिला!"

"मंग साक्षीला खाली या की," मामा म्हणाले, "खुर्ची सोडून."

खुर्ची सोडणं तर शक्यच नव्हतं. पारावर हशा पिकला.

"मग कायदा केला काहून आपण?"

"कायदा बराबर हाय, साहेब. ह्या शेळीसाठी केलेला न्हाई."

तेवढ्यात मावशीच उठल्या. "चरली की. परवा बी चरली व्हती."

"मावशे, खाली बस," मामा खेकसले. "पंचांचं सांगून झालं."

नियम स्वतःचाच, त्यामुळे अध्यक्षांना शेळी निर्दोष जाहीर करावी लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तर हवेतच होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत निघाले, तर फाट्यावर मावशी शेळी घेऊन उभ्या. तिला लेकीकडे धाडायला आखाडा बाळापूरला जाणाऱ्या टेम्पोत चढवत होत्या.

"मावशी, काहून? सोडलं ना तिला आम्ही?"

"सोडलं, बाई. पर तिला गवत दिसलं की ती जाणारच." त्यांनी शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. "माझ्यापायी तुमी बेलभंडार हातात घेऊन खोटं बोलले. पुन्हांदा बोलावं लागू नये."

टेम्पो निघाला. मला वर बघवेना. मावशीच म्हणाल्या, "जा बाई, शाळा भरली असंल."