मधली खुर्ची

किर्यू गावात नाकानं कांदे सोलणारी माणसं पुष्कळ आहेत, पण तोच उद्योग कानानं करणारा एकच होता. त्याचं नाव नुकागा योशिहारू.

नुकागाचा उभा जन्म पाचिंकोची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात गेला. पाचिंको म्हणजे लोखंडी गोळ्यांचा जुगार. गोळ्या खिळ्यांवरून खडखडत खाली येतात, घंटा बडवल्या जातात, भोंगे बोंबलतात, आणि माणूस नशीब उघडायची वाट बघत बसतो. नुकागा तपासणी खात्यात होता, म्हणजे लांबच लांब रांगेतली यंत्रं एकदम वाजवून बघायची आणि त्यात कुठली घंटा मुकी आहे ते सांगायचं. ज्याचे कान अशा भट्टीत भाजून निघाले, त्यानं निवृत्त झाल्यावर नदीवर गळ टाकून गप्प बसायला हवं होतं. हा पठ्ठ्या संगीताचा न्यायाधीश झाला.

सुमिए, म्हणजे नुकागाची बायको, ज्या खोलीत आळीतल्या बायकांना शिवण शिकवायची, ती खोली त्यानं घेतली. शिवणयंत्र गेलं माळ्यावर, बायका गेल्या आपापल्या घरी. खोलीत समोर तीन स्पीकर आले, मागं दोन, आणि काही वर्षांनी छताला चार टांगले. तेवढ्यानं भागलं नाही. शेजारच्यांच्या फ्रिजमधून फिरून आलेली वीज आपल्या गिटारीला विटाळते, असं म्हणून त्यानं अंगणात स्वतःचा विजेचा खांब रोवून घेतला. पर्सिमनचं झाड त्यासाठी तोडलं. खांब गावभर दिसायचा, आणि त्याखालून जाताना पोरं मान वाकवून नमस्कार करायची, चेष्टेनं. नुकागाला तो खराच वाटायचा.

खोलीच्या बरोबर मध्यावर एक खुर्ची होती. सगळे आवाज जिथं एकत्र भेटतात ती जागा तीच. बाकीच्यांनी भिंतीला टेकून उशीवर बसायचं आणि पाळी आली की खुर्चीत जायचं. सुमिएची पाळी कधी आली नाही. ती चहा आणायची, आणि दार हळू लावायची, कारण दाराचा आवाज ध्वनीत मिसळतो.

महिन्यातून एका रविवारी इथं तुलना चालायची. पाहुणे ठरलेले: दातांचे म्हातारे डॉक्टर तोकोरो आणि पाणीखात्यातून निवृत्त झालेला उबुकाता. पन्नास वर्षांपूर्वीचा एखादा इंग्रज बँडचा अल्बम घ्यायचा, आणि त्याचे निरनिराळ्या काळात केलेले सराउंड, म्हणजे चहूकडून आवाज येणारे, रिमिक्स एकामागून एक ऐकायचे. आधी सत्तरच्या दशकातली चार स्पीकरची तबकडी, मग पाच स्पीकरची डिस्क, मग छतावरूनही आवाज सोडणारं नवं प्रकरण. तेच गाणं, तेच गायक, त्यांतले निम्मे मरूनसुद्धा गेलेले. तीन म्हातारे मात्र सुनेनं आणलेल्या तीन भाज्या चाखाव्यात तसे ऐकत बसायचे, आणि सासू असायचा नुकागा.

"हा गिटारवाला खोलीभर गोल गोल पळतोय," तो पहिल्याला म्हणायचा. "त्याला काय परसाकडं लागलीय?"

दुसऱ्याला म्हणायचा, "मागच्या दोन स्पीकरमधून फक्त टाळ्या. एवढ्यासाठी माणसानं भिंतीतून तारा ओढल्या?"

आणि तिसऱ्याला, "ड्रम छतावर! ड्रमवाला माणूस आहे का पाल?"

यावर पाहुण्यांनी काय म्हणायचं, तेही ठरलेलं. आमच्याकडं दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या यंत्राला नावं ठेवत नाहीत. आवडो न आवडो, मान झुकवून म्हणायचं, "शिकायला मिळालं." या दोन शब्दांवर किर्यूतली कितीतरी मैत्री टिकून आहे, आणि कितीतरी मूर्ख माणसं शहाणी म्हणून मेली आहेत.

गेल्या तीन-चार वर्षांत या खोलीत एक गंमत होत होती. नुकागाला वाटू लागलं, की आवाज उजवीकडं झुकतोय. नवीन रिमिक्स करणाऱ्यांना अक्कल नाही, हे त्याचं मत होतंच. त्यानं डाव्या स्पीकरांचा आवाज थोडा वाढवला. काही महिन्यांनी आणखी थोडा. सगळं पुन्हा मधोमध आलं. पुन्हा झुकलं, पुन्हा वाढवला. वाकडी जगाची चाल आपण एकटे सरळ करतोय, असा भाव चेहऱ्यावर घेऊन तो आवाजाचा खटका फिरवायचा. खुर्चीत बसलेल्या डॉक्टरांच्या डाव्या कानावर अख्खा बँड येऊन कोसळायचा आणि उजवीकडं शुकशुकाट असायचा. डॉक्टर उठायचे, मान झुकवायचे आणि म्हणायचे, "शिकायला मिळालं."

यापुढचा मूर्खपणा आमच्या या मंडळींशिवाय कुणाला सुचणार नाही. डॉक्टर आणि उबुकाता दोघांनी घरी जाऊन आपापल्या यंत्राचा डावा आवाज वाढवला. नुकागाच्या घरी असं वाजतं, म्हणजे असंच वाजायला हवं. किर्यूतल्या तीन घरांत सगळे जुने बँड डावीकडं कलून गाऊ लागले, आणि तिन्ही घरांत मधल्या खुर्चीत बसून म्हातारे माना डोलवू लागले.

इथवर सगळं हसण्यावारी न्यायचं. पण मग नेझू मास्टरची पाळी आली.

स्टेशनमागच्या जुन्या विणकामाच्या शेडमध्ये नेझूचं "हातोबा" नावाचं कॉफीचं दुकान आहे; अशा दुकानाच्या मालकाला इथं मास्टर म्हणतात. बोलायला बंदी, फक्त ऐकायचं. नुकागा, डॉक्टर, उबुकाता यांनी तरुणपणी पहिला रॉक तिथंच ऐकला, एकच कॉफी संध्याकाळपर्यंत पुरवून. मास्टर आता अठ्ठ्याहत्तरचे. त्यांनी हौसेनं मागच्या भागात सराउंडची खोली केली आणि पहिल्यांदा मधल्या खुर्चीत बसायचा मान दिला नुकागाला. मुखपृष्ठावर दीपगृहाचं चित्र असलेला तो अल्बम लावला, मास्टरांचा सगळ्यांत लाडका.

नुकागा एक गाणं पुरं व्हायच्या आत उठला. शिष्टाचाराचे दोन शब्द त्यानं गिळूनच टाकले. स्वतःच्या घरी ते त्याला कधी म्हणावे लागले नव्हते, त्यामुळं सवयही नव्हती.

"मास्टर, सगळं उजवीकडं पडलंय," तो म्हणाला. "अख्खा बँड एका भिंतीला चिकटवलात. तुमचे कान गेले. कान गेले की मास्टरनं दुकान बंद करावं."

मास्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "मला मधोमध वाटलं होतं," एवढंच म्हणाले. मग डॉक्टरांकडं आणि उबुकाताकडं बघितलं. दोघं मूग गिळून कपाकडं बघत राहिले. त्यांना आवाज अगदी मधोमध ऐकू येत होता.

आठवड्याभरात गावात बातमी पसरली, की नेझू मास्टर वर्ष संपताना "हातोबा" बंद करणार. कानच गेले, मग लोकांना काय ऐकवायचं, असं ते म्हणतात. पन्नास वर्षं गावाला ऐकायला शिकवणाऱ्या माणसानं स्वतःचे दोन चांगले कान सोडले आणि एका बढाईखोराच्या जिभेवर विश्वास ठेवला. राग येतो, पण करणार काय? नुकागा मात्र जेवताना म्हणाला, "खरं बोललं की लोकांना लागतं." सुमिए नेहमीसारखी त्याच्या डाव्या हाताला, स्वयंपाकघराच्या बाजूला बसली होती. ती काहीतरी पुटपुटली. त्यानं उत्तर दिलं नाही. तो हल्ली देतच नसे. एवढ्या थोर माणसानं बायकोच्या बोलण्याला भीक का घालावी, अशी तिनं मनाची समजूत घालून घेतली होती, आणि ती समजूत तिला रोज टोचत होती.

शरद ऋतूत नगरपालिकेची आरोग्य तपासणी असते. म्हातारी जोडपी मोजे बदलून रांगेत उभी राहतात. कान तपासायला काचेची एक पेटी असते. आत बसून हेडफोन लावायचा आणि बारीक शीळ ऐकू आली की बटण दाबायचं. नुकागा आत गेला आणि आधी त्यानं हेडफोनलाच नाक मुरडलं. "असली खेळणी लावून लोकांचे कान तपासता?"

उजवा कान झाला. मग नुसतीच शांतता. काचेबाहेर पुढची पाळी सुमिएची होती. तिला नर्सच्या यंत्रावरचा, शीळ चालू असल्याचा दिवा लागलेला दिसत होता आणि नवऱ्याचा अंगठा जागचा हलत नव्हता.

नर्सनं दार उघडलं. "नुकागा-सान, बटण दाबायला विसरताय का?"

"आवाज आला की दाबीन ना."

"आवाज कधीचा चालूय."

"कुठं चालूय? तुमचं यंत्र बिघडलंय."

नर्सनं हेडफोन उलटा करून त्याच्या उजव्या कानावर ठेवला. शीळ स्पष्ट वाजत होती. नुकागाचा चेहरा उतरला. आयुष्यभर कुठली घंटा मुकी आहे ते सांगणाऱ्याला आपल्याच डोक्यातली मुकी घंटा सापडायला एवढी वर्षं लागली.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "कुणाला सांगू नकोस."

"आणि नेझू मास्टर?" सुमिएनं विचारलं. गाडीत ती डाव्या सीटवर होती, म्हणून तिनं हे ओरडून विचारलं.

"बघू."

"बघू काय? तुमच्या एका कानापायी त्या माणसानं आपले दोन्ही सोडले. रविवारी जायचं. मी पण येणार."

रविवारी "हातोबा"त सगळे जमले. मास्टरांनी निरोपाची कॉफी केली होती. सुमिएला बघून त्यांना आश्चर्य वाटलं, पण उशी मांडली. "नुकागा-सान, तुमच्या सांगण्यावरून डावा आवाज चढवलाय," ते म्हणाले. "मला आता डोकं एकीकडं धरल्यासारखं होतंय, पण माझ्या कानांचं काय सांगावं? तुम्ही बसून बघा."

नुकागा बसला. दीपगृहाचा अल्बम सुरू झाला. गायक बरोबर समोर, गिटार मागून, ड्रम जिथल्या तिथं. इतकं सुंदर त्यानं घराबाहेर वर्षानुवर्षं ऐकलं नव्हतं. आता फक्त "झकास" म्हणायचं आणि घरी जायचं. दुकान बंद झालं असतं, आणि किर्यूत न्यायाधीश एकच राहिला असता. त्यानं तोंड उघडलंही.

"मी बसू का जरा?" सुमिए म्हणाली.

तो उठला. ती बसली, हात मांडीवर ठेवून, दाताच्या दवाखान्यात बसतात तशी. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "सगळे डावीकडंच का गोळा झालेत? उजवीकडं कुणी मेलंय का?"

उबुकाताचं डोकं आपोआप झुकलं. "शिकायला मिळालं," तो म्हणाला, आणि मग लाजेनं लाल झाला.

नुकागानं विचारलं, "डॉक्टर, खरं सांगा. डावीकडं आहे?"

"थोडंसं," डॉक्टर म्हणाले.

"आणि माझ्या घरी?"

"तुमच्या घरी... बरंच."

"किती वर्षं?"

"झाली तीन-चार."

"आणि एकालाही तोंड उघडता आलं नाही?"

"तुमच्यापुढं तोंड उघडायचं?" डॉक्टर पहिल्यांदाच चिडले. "मी लोकांची तोंडं उघडण्यात जन्म काढला, पण तुमच्यापुढं माझंच उघडलं नाही. घरी जाऊन माझं चांगलं यंत्र वाकडं करून ठेवलंय. यानंही."

उबुकातानं मान हलवली.

नुकागा उभाच होता. दोन्ही हात मांड्यांना चिकटवून तो मास्टरांपुढं कमरेत वाकला आणि वाकलेलाच राहिला. "मास्टर, तुमचे कान ठणठणीत आहेत. माझा डावा गेलाय. त्या दिवशी बहिरा माणूस बोलत होता. दुकान बंद करू नका."

मास्टर उठले, यंत्रापाशी गेले, डावा खटका जुन्या जागी आणला आणि तोच अल्बम पहिल्यापासून लावला. मग नुकागाला धरून मधल्या खुर्चीत बसवलं.

तो ऐकत राहिला. सवयीनं कपाळाला आठी पडली. "उजवीकडं पडलंय," तो म्हणाला.

"नाही, नुकागा-सान," डॉक्टर म्हणाले. "मधोमध आहे."

या माणसाला असं "नाही" त्या मंडळींत कधी कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं उबुकाताकडं पाहिलं, मास्टरांकडं पाहिलं. सगळ्यांनी मान हलवली. शेवटी त्यानं सुमिएकडं पाहिलं.

"मधोमधच आहे हो," ती म्हणाली.

नुकागानं मान झुकवली. "शिकायला मिळालं," तो म्हणाला, आणि गाणी संपेपर्यंत गप्प बसला.

संध्याकाळी घरी सुमिएनं रुंद पट्ट्यांच्या उदोन शेवयांचे दोन वाडगे आणले. नेहमीच्या जागी बसली, पुन्हा उठली, आपली उशी आणि वाडगा उचलून टेबलाला वळसा घातला आणि नवऱ्याच्या उजव्या हाताला येऊन बसली.

"अहो, म्हणजे एवढी वर्षं मी तिकडून जे जे बोलत होते, त्यातलं तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही?"

"नाही. काय बोलत होतीस?"

"शिव्या देत होते," सुमिए म्हणाली. "माझ्या शिवणाच्या खोलीपासून सुरुवात करते. जेवता जेवता ऐका."

नुकागानं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या आणि उजवा कान तिच्याकडं केला.