नायिकेचं घराणं

जगावर अंधार दाटून येतो तेव्हा त्याला तारण्यासाठी एकच मूल जन्माला येतं. ताऱ्यांना ते ठाऊक असतं, आणि वेळ आली की पूर्वजांची तलवार आपणहून त्याच्या हातात येते. अशा एकमेव मुलांनी आमच्या घरातल्या दोन फळ्या भरल्या आहेत. तिसरी फळी ठोकायला सुतार सांगितलाय.

फळ्या माझ्या भाचीच्या. ती अकरावीत आहे. कसबा बावड्यात भाऊ खाली राहतो, मी वर. ती पुस्तक संपवते आणि माझ्याकडे आणून टाकते, भांडायला कुणीतरी हवं म्हणून. मी कॉलेजात इतिहास शिकवते. वंशावळी कशा तयार करतात हे मला पगार घेऊन माहीत आहे, त्यामुळे मी या पुस्तकांत लवकर रुळले.

सुरुवातीला नकाशा असतो. मुलगी अनाथ असते. ती देखणी आहे हे तिला सोडून पुस्तकातल्या सगळ्यांना माहीत असतं. तिसऱ्या प्रकरणात गाव जळतं, कारण गाव राहिलं तर ती घराबाहेर पडणार कशी? एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा तिला सगळं शिकवतो, फक्त एक महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगू म्हणून ठेवतो आणि त्याआधीच मरतो. दोन तरुण तिच्यावर जीव टाकतात. त्यातला उद्धट तो तिला आवडतो.

हे सगळं मी हसत, चवीनं वाचलं. माझं डोकं फिरायचं ते शेवटाशी. एका पुस्तकातली मुलगी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात भांडी घासते. चारशे पानं ती स्वतःच्या अकलेवर जगते, चोरते, लढते. आणि शेवटी निघते कोण, तर राजाची हरवलेली मुलगी! म्हणजे भांडी घासणारीनं काही केलंच नाही, जे केलं ते रक्तानं केलं. तिच्या शेजारी बसून भांडी घासणाऱ्या बाकीच्या मुलींचं पुढे काय झालं, हे विचारायला लेखकाला सवड नाही. मी ते पुस्तक भिंतीवर फेकलं.

“आत्या, मैत्रिणीचं हाय ते,” भाची म्हणाली.

“मग तिला सांग, शेवट फाडून टाक म्हणावं.”

“फाडून काय होतंय? दुसरा लिहायला पाहिजे की.”

आणि तिनं लिहायला घेतलं, मराठीत. तिची नायिका फौंड्रीतल्या कामगाराची मुलगी. वितळलेलं लोखंड तिचं ऐकतं. का ऐकतं? तर लहानपणापासून बापाचा डबा घेऊन भट्टीपाशी जाता-जाता तिनं त्याच्याकडे नीट बघितलेलं असतं म्हणून. अंगावर खूण नाही, भविष्यवाणी नाही. माझा भाऊ शिरोलीला फौंड्रीतच आहे. जेवताना ती त्याला प्रकरणं वाचून दाखवायची आणि तो मध्येच थांबवायचा, “व्हय गं, चप्पल घालून भट्टीपाशी गेली व्हय तुझी बया? बूट घाल तिला आधी.”

शहरातल्या एका साहित्य संस्थेनं कुमार कादंबरीची स्पर्धा जाहीर केली. पहिल्या येणाऱ्या कादंबरीचं ते पुस्तक काढणार होते. भाचीला तेच हवं होतं, आपण लिहिलेलं छापलेलं पुस्तक. निकालाआधी अध्यक्षांनी आम्हाला घरी बोलावलं. आमच्याकडे निकाल स्टेजवर वाचतात, पण लावतात सोफ्यावर.

अध्यक्षांच्या दिवाणखान्यात ढाल होती, दोन तलवारी होत्या, आणि खाली त्या कुठून आणल्या ते सांगायला अध्यक्ष होते. त्यांनी आधी विचारलं, मूळ गाव कुठलं. मग आडनाव. या भागात पाहुण्याला तीन प्रश्न विचारतात: गाव, आडनाव आणि गल्ली. तिसऱ्या उत्तराला समोरच्याला हवं ते कळलेलं असतं. आमचं आडनाव सरदारांच्या घराण्यातही आहे. अध्यक्ष दुसऱ्या प्रश्नाशीच थांबले.

“तरीच!” त्यांनी मांडीवर थाप मारली. “रक्त बोलतं, मॅडम. एवढ्याशा वयात ही भाषा उगीच येत नाही. घराण्यातूनच यावी लागते.”

पोहे आले. मागोमाग लाडू आले.

“एकच सूचना. शेवटी ही मुलगी राजघराण्यातली निघू दे. भट्टीपाशी कुणीतरी टाकून गेलेली. म्हणजे तिच्या शक्तीला आधार मिळतो. वाचकालाही समाधान.”

माझे कान तापले. एका बशी पोह्यांत या माणसानं नायिकेला राजकन्या केलं होतं आणि माझ्या भाचीला सरदारकन्या. इतके दिवस मी परदेशी लेखकांवर दात खात होते. बिचारे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाची म्हणाली, “सर, तुमचा तिसरा प्रश्न राहिला.”

“कुठला, बाळ?”

“गल्ली कुठली ते.”

अध्यक्ष हसले. मग हसायचे थांबले.

“आम्ही बौद्ध,” ती म्हणाली. “पणजोबांनी दीक्षा घेतली. त्याआधी आमची वस्ती गावाबाहेर होती. तिथं सरदार कुणी राहत नव्हते.”

“अहो, आम्ही असलं काही मानत नाही!” अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे, आणि ज्यांनी आधी चौकशी केली नाही अशा कुणाच्या तोंडून अजून ऐकलेलं नाही.

“मग शेवट तसाच ठेवू?” भाचीनं विचारलं.

“नाही, तेवढं बदलाच. मी निव्वळ साहित्याच्या दृष्टीनं सांगतोय.”

“न्हाय बदलणार,” ती म्हणाली. एरवी बाहेर ती पुस्तकी बोलते.

घरी भावानं सगळं ऐकून घेतलं. “बदल की गं,” तो म्हणाला. “दोन पानांचा तर प्रश्न हाय. पुस्तक निघतंय तुझं.”

“मग ती तुमची पोरगी राहत न्हाय, पप्पा.”

भाकरी संपली होती, तरी भाऊ ताटावरून उठला नाही.

पहिलं बक्षीस एका धनगराच्या पोरावरच्या कादंबरीला मिळालं. तो पोरगा शेवटी युवराज निघतो. पुस्तक आलंय, गुळगुळीत कागदावर. भाचीला उत्तेजनार्थ मिळालं. तिचं नाव पुकारताना अध्यक्ष माइकवर म्हणाले की या मुलीनं परिस्थितीवर मात करून भाषा कमावली आहे. हीच भाषा त्यांच्या सोफ्यावर रक्तातून आली होती. टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत; शेजारच्या बाईंनी दोनदा वळून बघितलं. भाचीची कादंबरी छापली गेली नाही. शेवट आहे तसाच आहे.

उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून तीन पुडांचा स्टीलचा डबा होता. तो आता भाऊ शिरोलीला नेतो. आमटी सांडत नाही.