पुस्तकं पूजेत होती त्या दुपारी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकीजवळ नाही. तुम्हाला सांगते आहे, तेही देवनागरीत — कारण तंजावरच्या आमच्या घरात ही अक्षरं माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाहीत. बोलतो सगळे मराठी, लिहितो तमिळ. बघा, सुरुवातच कशी भित्री झाली.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ओरत्तनाडूची. बारा वर्षं तिने आमचं स्वयंपाकघर सांभाळलं, आणि एक दिवस जेवताना सरळ म्हणाली, की मला सरकारी कारकुनाची परीक्षा द्यायची आहे. वयाच्या अटीमुळे तिला ती एकदाच देता येणार होती. त्याच वर्षी मीही बसत होते. गावात एसटीडी बूथ निघत होते, कचेऱ्यांत कॉम्प्युटर येणार म्हणत होते, आणि सरकारी भरती आता आटणार अशी सगळ्यांना धास्ती. त्यात आई अंथरुणाला खिळलेली. दोघींना नोकरी लागली तर आईपाशी कोण बसणार? — घरात हे कुणी बोललं नाही. माझ्या मनात मात्र रोज होतं.

वहिनी गाईड वाचायची. किती वाचायची! भात शिजेपर्यंत एक धडा, आईचे पाय चेपताना दुसरा. आधी तांबड्या पेन्सिलीच्या खुणा, मग निळ्या, मग हिरव्या. सहा वेळा वाचून झालं. मीही आधी तशीच वाचत होते. मग तिरुवैयारूच्या मैत्रिणीने जुन्या प्रश्नपत्रिका दिल्या. घड्याळ लावून पहिली सोडवायला बसले आणि माझी भंबेरी उडाली. सगळं ओळखीचं वाटत होतं, आठवत काहीच नव्हतं. तेव्हा कळलं — थोडं वाचायचं, पुस्तक मिटायचं, सोडवायचं. चुकेल तेवढंच पुन्हा वाचायचं.

त्या प्रश्नपत्रिका मी ट्रंकेत साड्यांखाली ठेवल्या. वहिनी दुपारी आईपाशी असली की मी गच्चीवर जाऊन सोडवायचे. लपवल्या, असं तेव्हा स्वतःशीही म्हटलं नाही. पण लपवल्याच होत्या ना?

मग सरस्वतीपूजा आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी पुस्तकं पूजेत मांडतात. विजयादशमीपर्यंत वाचायचं नसतं. वहिनीने गाईडला चंदन-कुंकू लावलं. दुपारी नैवेद्याच्या सुंडलासाठी, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीसाठी, नारळ खवताना म्हणाली, "तारा, आज वाचायला नाही. तूच चार प्रश्न विचार ना."

मी विचारले. पहिला आला नाही. दुसरा अर्धा. तिसऱ्याला ती हसली, चौथ्याला हसली नाही.

"पान डोळ्यांपुढे दिसतंय गं, पण उत्तर येत नाही," ती म्हणाली. "माझं काय चुकतंय?"

मला माहीत होतं. अगदी नेमकं माहीत होतं. परीक्षेला पाच आठवडे होते — पुरले असते. ट्रंक दहा पावलांवर होती.

मी म्हणाले, "काही चुकत नाही, वहिनी. अजून दोनदा वाच. बसेल डोक्यात."

तिने दोनदा नाही, चारदा वाचलं. मी पास झाले, ती नाही. माझ्या नेमणुकीच्या दिवशी पायसम तिनेच केलं, आणि पुढची सहा वर्षं आईचं सगळं तिनेच केलं. आई गेली तेव्हा मी कचेरीत होते.

आईचं नाव पुढे करता येईल. नाही करणार. मला नोकरी हवी होती, आणि घरी राहायला दुसरं कुणीतरी हवं होतं — एवढंच.

वहिनी आता सत्तरीला आली. अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगते, की मी दहादा वाचलं हो, पण माझं डोकंच मठ्ठ. तिची नात आता परीक्षेला बसते आहे. गेल्या आठवड्यात तिलाही सांगितलं — तुझी आजी मठ्ठ, तू माझ्यावर जाऊ नकोस. मी शेजारी शेंगा सोलत होते. सोलतच राहिले.

उद्या सरस्वतीपूजा. सकाळी पुस्तकं पूजेत जातील. हे कागद जाणार नाहीत. वाचायचा दिवस नव्हे, ठाऊक आहे मला. पण वहिनीला ही अक्षरं येत नाहीत, तेव्हा मीच तिच्यासमोर बसून मोठ्याने वाचणार आहे — पहिल्या ओळीपासून, नातीच्या देखत.