आईने नळे परतले तेव्हा

पार्से गावातल्या आमच्या पडक्या घरात यंदा गेले. स्वयंपाकघराचं छप्पर खाली आलंय. शेवाळलेल्या मातीच्या नळ्यांचा, म्हणजे कौलांचा वास आला आणि मला लहानपणी पाहिलेली, छपरावर बसलेली आई दिसली.

त्या वर्षी पावसाळा तोंडावर होता. बाबा तापाने झोपलेले, नळे परतणारा, म्हणजे फुटके बदलून ते पुन्हा नीट रचणारा गडी आलाच नाही. आईने साडीचा काष्टा मारला आणि शिडी लावली.

"गो, बाईमाणसान छपरार चढूचा?" शेजारचे आबा रस्त्यावरून ओरडले.

"पाऊस काय पुरुषांची वाट बघतलो, आबा?" म्हणत तिने पुढचा नळा उचलला.

बघायला माणसं जमली. दहा वर्षांची मी, लाजेने माडाआड लपले. पण त्या पावसाळ्यात आमच्या घरात एक थेंब गळला नाही.

आता पंखा पुसायला स्टुलावर चढले तरी मी मुलीला स्टूल धरायला लावते. आईची शिडी कुणीच धरली नव्हती. मीसुद्धा.