कॅमेऱ्याच्या यादीतले काका

नवा कॅमेरा हाती येण्याआधीच मी जुना विकून टाकला. नव्याची प्रतीक्षायादी लांबलचक होती, त्यामुळे नई सडकवरच्या दुकानात दर शनिवारी चौकशीला जाऊन मी आठ महिने रिकाम्या हातांनी बसलो.

यादीत माझ्या एक नंबर पुढे एक काका होते. इस्त्रीचा शर्ट घालून थाटीपुरहून येत. रुमालाने बाक पुसत, माझ्या बाजूचाही, आणि दुकानदाराला विचारत, "आया क्या?" तो "नहीं आया, काका" म्हणाला की यांचा चेहरा उजळे आणि ते दोन चहा सांगत. मग आम्ही तासभर लेन्सवरून भांडत असू.

एका शनिवारी एकच कॅमेरा आला. काका दुकानदाराला म्हणाले, "इनको दे दो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मला घाई नाही. तो घरी आला, तर शनिवारी मी जाणार कुठे?"

मला तो विनोद वाटला. मी मोठ्याने हसलो आणि खोका छातीशी धरून घर गाठलं.

पुढचे तीन महिने मी फूलबागेतली झाडं टिपली. घरी ते फोटो दाखवायला कुणी नव्हतं, तेव्हा काका आठवले. गेलो. ते तिथेच होते, अजूनही यादीत पहिले.

"काका, तुमचा एक फोटो काढू?" मी कॅमेरा वर केला.

त्यांनी भिंगावर हात ठेवला. "आठ महिने बगलेला बसलात, नाव नाही विचारलंत. फोटोखाली लिहिणार काय?"