मुनीरभाईंचा चहा

मोबाईलवर ‘मुनीरभाई’ हे नाव उमटलं आणि मी हातातला घास ताटात ठेवून वैतागलोच. सकाळी सकाळी त्यांचा फोन म्हणजे चहाचं बोलावणं, आणि चहाचं बोलावणं म्हणजे सरकारनं सुरुंगाच्या दारूबद्दल नवा नियम काढला, हे आमच्या तासगाव भागातल्या प्रत्येक खाणवाल्याला पाठ होतं. नेहमीसारखा करवादलो, “आता आणि काय काढलंय सरकारनं?” पलीकडे त्यांची सून शाहीन होती. म्हणाली, “काका... अब्बा गेले.” पहाटे, झोपेतच. आपण काय बोलून बसलो, असं झालं मला. पण नंतर वाटलं, मुनीरभाईंनी हे ऐकलं असतं तर पोट धरून हसले असते.

मुनीरभाई आम्हाला जिलेटिनच्या कांड्या पुरवायचे. मिरजेबाहेर माळावर, वस्तीपासून लांब, तारेच्या कुंपणात त्यांचं कोठार. मी फौजेतून सुभेदार होऊन परत आलो, दगडखाण घेतली आणि माल ठरवायला त्यांच्याकडे गेलो. पायांत खिळ्यांचे बूट, खिशात काडेपेटी. त्यांनी फाटकातच अडवलं; खिळ्याची एक ठिणगीही तिथं चालत नाही. मी ऐटीत सांगितलं, की उभी हयात दारूगोळ्यात गेलीय माझी. तर शांतपणे म्हणाले, “फौजेत सुभेदार असाल. हितं गिऱ्हाईक हाय तुमी. बूट काढा.” फाटकाबाहेरच्या चौकीत बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा असायचा, त्यात माझी काडेपेटी पडली. तापलेल्या मुरमावरून अनवाणी उड्या मारत मी आत निघालो आणि मागं वळून बघतो तर हे गृहस्थसुद्धा चपला काढून चालत होते. त्यांच्या चपलेला खिळा नव्हता हो! पाहुण्याला एकट्यालाच चटके कशाला, म्हणून. तिथंच आमचं जमलं.

नियम सारखे बदलायचे. दुसरा कुणी असता तर निरोप धाडून मोकळा झाला असता. मुनीरभाई सगळ्यांना घरी बोलवायचे. भाभी चहा आणि खारी ठेवायच्या, हे चष्मा लावून नियम वाचायचे, मग आमच्या बोलीत समजावून सांगायचे, आणि आम्ही कुरकुर करायचो. विजेवर उडणारे डिटोनेटर बंद होणार, असं त्यांनी सांगितलं त्या दिवशी तर नुसता कालवा झाला. नवे महाग, कामगारांचा हात बसलेला नाही. एकानं हळूच विचारलं, की शिल्लक आहेत तेवढे तर देऊन टाका, कुणाला कळतंय! मुनीरभाई चिडले नाहीत. त्याच्या कपात आणखी चहा ओतला आणि म्हणाले, “गड्या, च्या कितीबी मागून घे. त्ये मातर मिळायचं न्हाई.” पुढं माझ्या खाणीत नव्या पद्धतीचा पहिला सुरुंग उडाला, तेव्हा दिवसभर उन्हात उभे होते. दगड नीट सुटलेला बघूनच घरी गेले.

गेल्या वर्षी हृदयाचं दुखणं निघालं आणि त्यांना एकच घोर लागला, आपल्यामागं हे कोण बघणार? मुलाचं पुण्यात बस्तान बसलेलं. सून शाहीन इथंच सासू-सासऱ्यांजवळ राहिलेली, शिकलेली, सगळे नियम संगणकावर बघून तीच त्यांना वाचून दाखवायची, पण किल्ल्या तिच्या हाती द्यायला यांचं मन धजेना. मला म्हणायचे, “वाचणं येगळं, अडवणं येगळं. वळखीचा माणूस समोर आला की भीड पडती, सुभेदार.” ढिल्या हाती देण्यापेक्षा कोठार बंद केलेलं बरं, इथवर आले होते.

दवाखान्यातून सुटल्यावर घरी न जाता हट्टानं आधी कोठारावर आले. मीच गाडी चालवत होतो. मुलानं दवाखान्यात नवा मोबाईल दिला होता, तो सदऱ्याच्या खिशात तसाच. काडेपेटीसारखा मोबाईलही चौकीतल्या डब्यात टाकूनच आत जायचं; आयुष्यात कधी विसरले नव्हते, त्या दिवशी विसरले. रखवालदारानं सलाम करून फाटक उघडलं. मालकाला कोण तपासणार? चौकीत वह्या तपासत बसलेली शाहीन बाहेर आली, सासऱ्याची तब्येत विचारायच्या आधी हात पुढं करून म्हणाली, “अब्बा, फोन.” हे म्हणाले, बंद करतो की, नुसती नजर टाकून येतो. तिचा हात तसाच... “अब्बा, फोन.”

मला वाटलं, आता भडकणार. पण माणूस असा हसला, असा हसला, की मीच घाबरून त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागलो. फोन डब्यात टाकला, कमरेच्या किल्ल्या काढून तिच्या हातावर ठेवल्या. परवाना तिच्या नावावर करायच्या अर्जाचं बघ म्हणाले. गाडीत बसल्यावरही चेहऱ्यावरचं हसू मावळत नव्हतं. “सासऱ्याला सोडंना, तुमाला काय सोडती व्हय!” आमची ती शेवटची भेट. एवढं निवांत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

परवा खाणीवर उभा होतो. मोबाईल वाजला. ‘मुनीरभाई’. त्यांचा नंबर आता शाहीन वापरते. नाव बदलायला माझा हात होत नाही. फोन कानाला लावला.

“काका, उद्या चहाला या.”

रीत मोडली नाही. म्हटलं, “आता आणि काय काढलंय सरकारनं?”

“आधी चहा घ्या. मग सांगते.”

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गेलो, आणि पोटभर कुरकुरलो.