चादरीच्या किनारीला धरून एकवीस किलोमीटर

हॉस्पिटलच्या लाँड्रीत तिला सगळे घडीताई म्हणतात. तिने घड्या घातलेल्या चादरींचा गठ्ठा बघा, कड भिंतीसारखी सरळ असते. माझी तिची ओळख स्टुलांच्या भांडणातली. लाँड्रीतल्या बायका आठ-आठ तास उभ्या, बसायला एक स्टूल नाही. मी तेव्हा संघटनेत नवी होते. आवाज मोठा, कागद कमी. साहेबांच्या केबिनमध्ये मी टेबलावर हात आपटत होते, तेवढ्यात ही मागून शांतपणे म्हणाली, "साहेब, राहू द्या स्टुलं. फक्त एक दिवस तुमची खुर्ची आम्हाला द्या, आणि तुम्ही उभ्याने सह्या करा." आठवड्यात स्टुलं आली. तेव्हापासून मी तिच्या घरात न विचारता चहा करून घेते.

घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून खाट, आणि खाटेवर तिचा धाकटा भाऊ. कागदावर नाव काही असो, तिच्या तोंडी तो बाळ्याच. वय वर्षं सेहेचाळीस. बाळ्या स्कूटर दुरुस्त करायचा. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगायचा, पाना नंतर हातात घ्यायचा. मग काचबिंदूने आधी नजरेच्या कडा खाल्ल्या, पुढे मधलंही गेलं. गॅरेज दुसऱ्याच्या हाती गेलं आणि बाळ्या खाटेवर आला. चार वर्षं. रस्त्यावरून गाडी गेली की तिथूनच म्हणायचा, "याचा क्लच गेलाय. हिची चेन सैल आहे." जगाशी एवढंच बोलणं. बाहेर चल म्हटलं की, "बघायला काय आहे?"

मग हॉस्पिटलने शर्यत काढली. एक पाच किलोमीटरची, एक एकवीसची. कर्मचाऱ्यांना आणि घरच्या माणसांना भाग घेता येणार होता. घडीताईने पत्रक घरी आणून मोठ्याने वाचलं.

"पाच किलोमीटर चालू आपण, बाळ्या. माझा हात धर."

"पाच?" बाळ्या भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "पाच तर मी पार्ट आणायला पायी जायचो. पळायचं तर एकवीस. आहे हिंमत?"

विषय संपवायला म्हणाला होता तो. पण बहीण कोण आहे हे विसरला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने एकवीसच्या यादीत दोन नावं लिहिली आणि मग मला सांगितलं.

मी म्हटलं, "अगं, बावन्न वर्षांत तू कधी बस पकडायला तरी धावलीस का?"

"मी वेळेवर निघते," ती म्हणाली.

चार महिने हातात होते. पहाटे, ड्यूटीच्या आधी, दोघं बाहेर पडायचे. बाळ्या तिचं कोपर धरायचा आणि ती तोंडाचा पट्टा सुरू करायची. "खड्डा! डावीकडे! माझ्या नाही, तुझ्या डावीकडे! दगड! हळू! अरे हळू म्हटलं ना!" एकदा मी सोबत गेले. दहा मिनिटांत माझंच डोकं गरगरायला लागलं. दूध घ्यायला आलेली माणसं थांबून बघायची. बाळ्याचे कान लाल व्हायचे.

पाचव्या आठवड्यात तो पडला. घडीताई ओरडत होती, "कुत्रं! समोर कुत्रं!" आणि कुत्र्याच्या नादात स्पीडब्रेकर सांगायचा राहिला. हनुवटीला चार टाके. त्याहून वाईट म्हणजे जमलेल्या माणसांतला एक शहाणा म्हणाला, "अशा माणसाला कशाला बाहेर काढता?" मी तिथे नव्हते हे त्या शहाण्याचं नशीब.

घरी आल्यावर बाळ्या खाटेवर बसला, बूट काढले, आणि म्हणाला, "ताई, तू मला पळवत नाहीस. तू मला हाकतेस."

तीन आठवडे तो बाहेर पडला नाही. गाड्यांवरही बोलणं बंद. घडीताई लाँड्रीत यायची, काम करायची, जायची. मी विचारलं तर म्हणाली, "खरं बोलला गं तो." आणि नाक पुसायला वळली.

आता लाँड्रीतलं काम सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गरम रोलरमधून चादर बाहेर येते. दोघी दोन बाजूंना उभ्या राहतात, टोकं पकडतात, घडी घालतात. मशीनचा आवाज असा की शेजारची किंचाळली तरी ऐकू येणार नाही. म्हणून या बायका कापडातून बोलतात. एक हलका हिसका म्हणजे धरलंय, चालू दे. दोन हिसके म्हणजे थांब, डाग आहे किंवा फाटलंय. कापड सैल सोडलं की समोरचीने पुढे यायचं. एक बाजू उचलली की त्या बाजूने वळायचं. कुठे शिकवत नाहीत हे. घडीताई आणि तिची जोडीदारीण अकरा वर्षं समोरासमोर उभ्या आहेत. तोंडाने त्या फक्त डबा खाताना बोलतात.

त्या सोमवारी जोडीदारणीने दोन हिसके दिले. चादर मधोमध विरली होती. घडीताईने ती बाजूला काढली, बाद मालाचा शिक्का मारून घेतला, आणि मुकादमाला विचारून घरी नेली.

"ऊठ," तिने बाळ्याला सांगितलं. "ही दोन टोकं धर. घडी घालू."

"आंधळ्याकडून आता चादरी करून घेणार?"

"धर म्हणते ना."

तो उठला, निव्वळ वैतागून. तिने एक हिसका दिला. मग कापड सैल सोडलं. तो तसाच उभा. पुन्हा सैल सोडलं. तिसऱ्या वेळी तो एक पाऊल पुढे आला. उजवं टोक उचललं, तो वळला. मेकॅनिकचे हात ते. घट्ट काय, ढिलं काय, त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही. सातव्या घडीला त्यानेच दोन हिसके दिले.

"काय झालं?"

"इथे विरलीय," तो म्हणाला. "कापड बोलतंय की." तीन आठवड्यांनी पहिल्यांदा त्याचा चेहरा मोकळा झाला होता, असं ती मला सांगत होती आणि सांगताना तिचा स्वतःचा फुलला होता.

त्याच चादरीची किनार तिने हातभर लांब फाडली. एका टोकाला शिक्का आला होता, तो तुकडा कापून चुलीमागच्या डब्यात टाकला. बाळ्याने एक अट घातली. "फक्त ही एक शर्यत. त्यात पडलो, तर पुन्हा मला 'बाहेर चल' म्हणायचं नाही. कधीच नाही. घे शपथ."

तिने घेतली. मी तिला फार रागावले. असली शपथ कोणी घेतं का? म्हणाली, "नाहीतर तो उठलाच नसता."

मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. दोघं मुकाट पळायचे, मध्ये पांढरी किनार, बाळ्या अर्धं पाऊल मागे. स्पीडब्रेकर आला की ती किनार वर उचलायची. तिचा चेहरा असा, जणू कुणाची तरी तक्रार घेऊन साहेबाकडे निघालीय. पण सगळं सुरळीत होईल तर ते आमच्या लोकांचं आयुष्य कसलं. दोन रविवार ड्यूटीत गेले. एक आठवडा बाळ्याला ताप. आणि घडीताईची डावी टाच धरली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की काच टोचल्यासारखं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे आराम. शर्यतीला उरले होते पाच. तिने ते मला सांगितलं, बाळ्याला नाही. शर्यतीआधी दोघांचं सगळ्यात लांब पळणं झालं चौदा किलोमीटर, तेही शेवटचे दोन चालत.

शर्यतीच्या सकाळी नंबर तपासणारा तरुण म्हणाला, "असं कापड धरून पळणं नियमात बसत नाही."

मी म्हटलं, "नियम दाखवा." त्याने कागद उलटेपालटे केले. नियम नव्हता. असता तरी मी दाखवू दिला नसता.

पुढचं मी दोघांकडून वेगवेगळं ऐकलंय. दोघांचं जुळतं तेवढं सांगते. दहा किलोमीटरपर्यंत झकास. बाराव्यापासून टाच बोलायला लागली. पंधराव्याला बाळ्याने दोन हिसके दिले: थांब, काहीतरी बिघाड आहे. तिने एक हिसका दिला: चालू दे. अकरा वर्षांत कापडातून ती पहिल्यांदा खोटं बोलली. सोळाव्याला पुन्हा दोन. पुन्हा एक.

अठराव्या किलोमीटरला शाळेसमोर स्पीडब्रेकर होता. तिचं सगळं लक्ष टाचेत. किनार उचलायची राहिली.

बाळ्या तोंडावर आपटला. गुडघा फुटला, तळहात सोलले. घडीताई तिथेच रस्त्यावर फतकल मारून बसली आणि हमसून रडायला लागली. दुखतंय म्हणून नव्हे. दोन महिने जी भीती पोटात घेऊन फिरत होती, ती समोर पडली होती.

"संपलं," ती म्हणाली. "मी शपथ घेतली होती रे. आता मी तुला कधी..."

बाळ्या हाताने रस्ता चाचपत तिच्यापाशी आला. त्याने तिचा डावा बूट शोधला आणि टाचेवर अंगठा दाबला. ती कळवळली.

"कधीपासून?"

"आत्ता. आत्ताच."

"ताई, मी दिवसाला वीस गाड्या ऐकायचो. तुझं डावं चाक महिनाभर लंगडतंय. मला वाटलं, सांगशील."

"सांगितलं असतं तर तू थांबला असतास."

"थांबलो असतोच ना! माणूस काय बिघडलेली गाडी दामटतो का?" मग म्हणाला, "आणि शपथ तू घेतलीस. मी थोडीच घेतली होती? तू नको म्हणूस बाहेर चल. मी म्हणतो. ऊठ, चल."

तेवढ्यात मागून शेवटची गाडी आली, राहिलेल्यांना उचलणारी. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "बसा काका, बसा ताई. वेळ संपत आलीय."

"काका कोणाला म्हणतोस? तुझ्या सायलेन्सरला भोक आहे," बाळ्या म्हणाला. "ते बुजव आधी."

ड्रायव्हर गाडीतून उतरून खरंच वाकून बघायला लागला. तेवढ्यात दोघं निघाले.

आता चालणंच होतं. बाळ्या तिच्या डाव्या बाजूला आला, तिचा भार खांद्यावर घेतला. किनार दोघांच्या मुठीत तशीच. स्पीडब्रेकर, खड्डा, वळण ती सांगायची. कधी थांबायचं, कधी निघायचं ते तो. गाडी मागून बैलासारखी हळूहळू येत राहिली.

इकडे शेवटच्या रेषेवर मी. कमान उतरवायला सुरुवात झालेली, माणसं वेळ मोजणारी काळी पट्टी गुंडाळायला आलेली. मी पट्टीवर उभी राहिले. म्हटलं, माझी दोन माणसं यायची आहेत, हात लावून दाखवा. वीस मिनिटं भांडले. घसा बसला. नंतर कळलं, पट्टीला जोडलेलं यंत्र त्यांनी आधीच काढून नेलं होतं. मी नुसत्या रबरावर उभी राहून भांडत होते.

ते आले तेव्हा टाळ्या वाजवायला पाणीवाल्या दोन बाया, गाडीचा ड्रायव्हर आणि मी. पदकं संपली होती. मी कार्यालयाकडे निघाले तर घडीताईने माझा हात धरला. "राहू दे. तू जरा गप्प बस, आणि माझा बूट काढ."

मी बूट काढला. बाळ्या शेजारी बसून तळहातांवर फुंकर घालत होता. "पाच किलोमीटरवाल्यांना पण पदकं दिली का गं?" त्याने विचारलं. दिली म्हटल्यावर नाक मुरडलं.

पुढच्या रविवारी मी सकाळी चहाला गेले. घडीताई गरम पाण्याच्या टबात पाय घालून बसली होती. खाट रिकामी. दाराजवळच्या खुंटीवर किनार नव्हती.

"कुठाय?"

"शेजारच्या निवृत्त वॉचमनला घेऊन गेलाय. पहाटेच." ती हसली. "जाताना त्याला सांगत होता, काका, तुम्ही फक्त किनार धरा. तोंड बंद ठेवा."

मी चहा ठेवला. तीन कपांचा.